बंद मिलचा भोंगा

उन्हाळा लागला तशी सुरभीला मिलचा भोंगा ऐकू यायला लागला.

मिल बंद पडून आता इतकी वर्षं झाली होती की आवारातल्या बाभळींची सावली पार फाटकापर्यंत आली होती. भोंगा केव्हा उतरवला आणि कोणत्या भंगारवाल्याने नेला, हे युनियनवाल्यांनाही धड सांगता आलं नसतं. आणि सुरभी तर मिल बंद झाल्यावर जन्मलेली. सहा वर्षांच्या पोरीने तो ऐकलेला असायचं कारणच नव्हतं. तरी त्या दुपारी मंगला मागल्या अंगणात माती चाळत बसली असताना पोर खेळता खेळता थबकली, मान वर करून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, भोंगा झाला."

"कसला भोंगा गं?"

"मोठा. ऊंऽऽ करून. आता आबा उठतील ना?"

मंगलाने कान दिला. लू वाहत होती, छपराचा पत्रा तडतडत होता, लांब कुठेतरी कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती. बाकी काही नाही. भर उन्हात तिच्या अंगावर काटा आला. कारण हाच भोंगा तिच्या सासऱ्यांना, सुरभीच्या आबांनाही ऐकू यायचा, आणि ऐकू यायला लागला त्याच उन्हाळ्यात ते गेले होते.

सासरे दिनानाथ म्हणजे साचेखात्यातले, मागावरचे जुने कामगार. त्यांचे वडील खानदेशातून येऊन इंदूरच्या मिलला चिकटले आणि मुलगाही त्याच साच्यांच्या खडखडाटात मोठा झाला. मिलला कुलूप लागलं तेव्हा दिनानाथ वर्षभर फाटकासमोरच्या सभांना गेले, घोषणा दिल्या, घसा बसवून घरी आले. मग एक दिवस शेजारच्या उदयसिंहाने त्यांच्या हातात झाडू दिला.

उदयसिंह न्यारिया. सराफ्यातल्या सोनारांच्या दुकानांपुढची धूळ झाडून आणायची, गटारातला गाळ उपसायचा आणि त्यातून सोन्याचांदीचे कण काढायचे, हा त्याचा बापजाद्यांचा धंदा. तिकडे महाराष्ट्रात त्याला झारेकरी म्हणतात. ज्या माणसाने जन्मभर मोठ्या पन्ह्याचं कापड विणलं त्याने म्हातारपणी गटारात हात घालावे, याची दिनानाथांना लाज वाटत नव्हती असं नाही. पण लाजेने दोन वेळचं पोट भरत नाही. त्यांनी काम शिकून घेतलं, छत्रीबागेच्या मागे नदीच्या उताराला असलेल्या आपल्या घराच्या अंगणात भट्टीचा खड्डा खणला आणि भात्यापाशी आपला पाट मांडला.

शेवटच्या उन्हाळ्यात ते पाटावरून एकदम उठत, "चला, सुट्टी झाली," म्हणत आणि रिकामा डबा शोधत. मग त्यांची मनगटं लोंबायला लागली. पोट दुखून गडाबडा लोळायचे. एका दुपारी आकडी आली ती सुटलीच नाही. मिलचा धसका घेतला, असं सगळी गल्ली म्हणाली आणि तो विषय मिटला.

आता पोरीचं बोलणं ऐकून आतून सासू बाहेर आल्या. इंदुमतीबाईंनी एकदा नातीकडे पाहिलं, आणि मंगलाने लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांसमोरच पाहिलेली एक गोष्ट केली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"अहो," त्या सुरभीला म्हणाल्या, "उन्हात काय उभे आहात? बसा ना."

---

लगीनसराई होती. सराफ्यात गिऱ्हाइकांची झुंबड आणि दुकानांपुढे कानसेची धूळ. रात्रीचे खाण्याचे ठेले उठले आणि पहाट झाली की मंगला आणि तिचा नवरा अरविंद झाडू, ब्रश आणि गोण्या घेऊन सराफ्यात पोचत. काल रात्रीचे पानांचे दोने, जिलबीचा पाक, पानाच्या पिचकाऱ्या, सगळ्यावरून ब्रश फिरवायचा आणि फटीफटीतली माती गोळा करायची. कोणी सोनार दुकान उघडायला लवकर आला तर "ए, पायरीच्या खाली झाड, पायरी नको," असं लांबूनच ओरडायचा. अरविंदला लोक अजून 'मिलवाला' म्हणत. त्याने मिलमध्ये जेमतेम दोन वर्षं बदली कामगार म्हणून काढली होती, पण इंदूरला नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

माती घरी आणून जाळायची, चाळायची, धुवायची. यंदा नळाला पाणी एक दिवसाआड येत होतं, तेही करंगळीएवढं. त्यामुळे धुणं कमी आणि भट्टी जास्त असं चाललं होतं. राखेच्या खड्ड्यात जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवायचं, त्यात टाकणखार घालून उरलेली माती सोडायची. शिसं सोनंचांदी पिऊन घेतं. मग भाता मारत राहायचं. शिसं हळूहळू धूर होऊन उडतं, उरलेलं पिवळ्या खपल्या होऊन कडेला चढतं, आणि शेवटी खड्ड्याच्या तळाशी मोहरीएवढा मणी डोळा उघडतो. अरविंदला तो क्षण आवडायचा. दिवसभर कोणी काही बोललेलं असो, मणी दिसला की तो हसायचा.

"बापाने शिकवलं म्हणून जगतोय यार," असं तो म्हणायचा. "नाही तर आपण कुठे असतो?"

सासूने आता सुरभीला दिनानाथांचा पाट दिला होता. भात्याच्या बाजूला, अगदी त्यांच्याच जागी. चहा त्यांच्या पितळी पेल्यात. पोर खुळ्यासारखी हसायची आणि बसायची. आधी ती फार बडबडी होती. उदयसिंहाच्या बकरीशीसुद्धा भांडायची. आता एखादा शब्द सांगायला तोंड उघडायची आणि शब्द कुठे ठेवला ते विसरल्यासारखी बघत राहायची. डोक्यात उन्हाळी फोड आले होते, त्यावर सासू भट्टीकडची पिवळी खपली कुटून खोबरेल तेलातून लावत. हा उपाय गल्लीत सगळेच करत.

त्या अंगणाची आणखीही एक तऱ्हा होती. तिथे साखर सांडली तरी मुंगी यायची नाही. गेल्या वर्षी मांजरीने भट्टीच्या आडोशाला पिल्लं घातली, ती डोळे उघडल्यावर गोल गोल चालत राहिली आणि चालता चालताच मेली. मंगला हे कोणाशी बोलली नव्हती. घरात पीठ आणणाऱ्या जागेबद्दल वाईट बोलायचं कसं?

एका सकाळी तिने पाहिलं, पोरीने खड्ड्याच्या कडेची खपली मोडून जिभेवर ठेवली होती.

"थुंक! थुंक आधी!" मंगला धावली.

"गोड आहे," सुरभी म्हणाली.

"बघितलंस?" इंदुमतीबाईंचा आवाज थरथरत होता, पण भीतीने नाही. "हे पण असंच जिभेवर ठेवून बघायचे. गोड लागलं म्हणजे शिसं सुटलं, असं म्हणायचे. पोरीला कोणी सांगितलं हे? मी सांगितलं? तू सांगितलंस? त्यांचा जीव मिलमध्ये अडकला आहे मंगला. मिलने हिशोब नाही दिला, ते कसे जातील? आले आहेत परत. येऊ दे."

"आई, ती सुरभी आहे हो."

"मी कुठे नाही म्हणते?" सासू म्हणाल्या आणि नातीपुढे भाकरीचं ताट ठेवून पदराआड तोंड करून बसल्या, नवरा जेवत असल्यासारख्या.

मंगलाला त्या दिवशी सासूची भीती वाटली. तेवढीच दयाही आली. पण रात्रंदिवस तिच्या मनात एकच होतं: सासरे ज्या वाटेने गेले त्याच वाटेवर माझी पोर चालली आहे, आणि घरात सगळे तिला पाट मांडून देत आहेत.

---

शैलजा मॅडम गल्लीत आल्या त्या एका पांढऱ्या जीपमधून. मूळच्या पुण्याच्या, नवऱ्याला पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इंदूरला आलेल्या. परदेशातल्या कुठल्याशा ट्रस्टने पैसे दिले होते, गरीब देशांतल्या मुलांच्या रक्तातलं शिसं मोजायचं आणि कमी करायचं म्हणून. त्या कामावर मॅडम होत्या. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ होतं की गल्लीतली मराठी घरंही आधी हिंदीत उत्तर देत.

"मुलांच्या बोटातून फक्त एक थेंब रक्त घेणार आहोत," त्या म्हणाल्या. "काहीही खर्च नाही."

खर्च नाही म्हटल्यावर गल्ली सावध झाली. पोरं घरात लपली. मंगला मात्र सुरभीला कडेवर घेऊन जीपपर्यंत गेली. कोणी विचारेपर्यंत थांबलीच नाही. म्हणाली, "मॅडम, हिला बंद मिलचा भोंगा ऐकू येतो. ते पण निघतं का रक्तातून?"

शैलजाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पोरीचे हात हातात घेऊन मनगटं वर उचलायला सांगितली. मग त्या अंगणात आल्या, भट्टी पाहिली, पाट पाहिला, खड्ड्याच्या कडेची पिवळी खपली हातमोजा घालून उचलली.

"याला काय म्हणता तुम्ही?"

"हे? मुर्दासंग," मंगला म्हणाली.

मॅडमनी पुन्हा विचारलं, नीट ऐकू न आल्यासारखं, आणि मंगलाने पुन्हा सांगितलं. रोज तोंडातला शब्द. वाण्याकडे मागायचा, वैद्याला विकायचा, पोरीच्या डोक्याला लावायचा. आता दुसऱ्याला सांगताना तो पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या कानावर पडला. मुर्दा. संग. ती सुरभीच्या डोक्यावरचा पिवळा लेप बघत राहिली आणि मग पदराने तो पुसायला लागली, इतकी जोरात की पोर रडली.

"हळू," शैलजा मॅडम म्हणाल्या. "धुवून काढा, साबणाने. तुमचं डोकं दुखतं का हो? हाताला मुंग्या वगैरे?"

"येतात ना. बांगडी निसटते हातातून. माझं पण बघता का रक्त?"

मॅडम जराशा अवघडल्या. "पैसे फक्त मुलांसाठी आले आहेत. मोठ्यांचं यात बसत नाही."

"असू दे," मंगला म्हणाली. मुलांसाठी का होईना, कोणी आलं तर होतं.

रक्ताचा आकडा आला त्या दिवशी मॅडम स्वतः जीप घेऊन आल्या आणि सुरभीला आईबापांसह बसवून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. वाटेत पोरीला आकडी आली. अरविंदने बापाची आकडी पाहिली होती. त्याने जीपमध्येच मॅडमचे पाय धरले. "काय पण करा मॅडम, जे म्हणाल ते. भट्टी बंद करतो, घर सोडतो."

मॅडम म्हणाल्या, "घर सोडू नका. अंगणातली माती काढून न्यावी लागेल."

---

माती नेणार ही बातमी गल्लीत पसरली आणि जो गोंधळ उडाला तो शैलजा मॅडमना कितीतरी दिवस कळलाच नाही. त्यांना वाटलं, लोक विष जातंय म्हणून हळवे झाले आहेत. पण ही न्यारियांची गल्ली. इथे मातीचा भाव होतो. सोनाराच्या दुकानाची फरशी उखडली तर खालच्या मातीवर बोली लागते. अशा ठिकाणी परदेशातून कोणी येतं आणि अंगण हातभर खोल खरवडून, ट्रकमध्ये घालून, वर ताडपत्री बांधून फुकट घेऊन जातं म्हणजे काय?

"विलायतवाले पागल थोड़े ही हैं, भिया," उदयसिंह बिडी पेटवत अरविंदला म्हणाला. "इत्ती दूर से माटी लेने आए हैं, तो माटी में कुछ तो होगा."

"पोरीसाठी चाललंय सगळं," अरविंद म्हणाला.

"छोरी तो है ही. म्हैं कब ना बोला?"

ट्रक आला त्या दिवशी मजुरांनी तोंडाला फडकी बांधून दिनानाथांचा भट्टीचा खड्डा आधी खरवडला. इंदुमतीबाई तोवर दारातच उभ्या होत्या. पाटाखालच्या जागेला फावडं लागलं तेव्हा त्या अनवाणी पुढे आल्या.

"कुठे नेता त्यांना?"

मुकादम म्हणाला, "माजी, माटी है, शहर के बाहर गड्ढे में जाएगी."

"गड्ढ्यात?" सासूंनी मंगलाकडे पाहिलं. तशी नजर मंगलाने सासऱ्यांची तिरडी उठली तेव्हाही पाहिली नव्हती.

मग नवा लाल मुरूम पडला. खड्डा तेवढा तसाच उघडा राहिला, कारण सगळ्या अंगणाला सिमेंट करायचं होतं आणि गवंडी यायचा होता. सिमेंटच्या गोण्या पण ट्रस्टने घरोघर ठेवल्या. शहराबाहेर, रिंग रोडच्या पल्याड, उंच धुराडं असलेली एक सामायिक शेड बांधली, तिथेच सगळ्यांनी भट्ट्या लावायच्या. आणि सुरभी दवाखान्यातून घरी आली ती हाडकुळी, पण बोलती. पहिल्याच दिवशी बकरीला "चल हट" म्हणाली. मंगला चुलीपुढे बसून ढसाढसा रडली.

भोंगा थांबला. मंगला रोज दुपारी कामातून मान वर करून पोरीकडे बघायची. पोर खेळत असायची. सासूने एकदोनदा "अहो" म्हणून पाहिलं. पोरीने वळूनही पाहिलं नाही. इंदुमतीबाई पाट भिंतीला टेकवून ठेवत आणि उगीच पुसत बसत.

मग परदेशी पाहुणे आले. दोन गोरे पुरुष आणि एक बाई, तिघांच्या नाकाचे शेंडे लालबुंद. अंगणात उभं राहून त्यांनी मुरूम पाहिला आणि मान डोलावली. बाईने सुरभीपुढे गुडघे टेकून काहीतरी विचारलं. शैलजा मॅडमनी मराठी केलं, "आता बरं वाटतं का, विचारतात."

सुरभी म्हणाली, "तुमच्या नाकाला काय लावलंय?"

मॅडमनी त्याचं इंग्रजी काय केलं कोण जाणे, पाहुण्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. फोटो निघाले. जाताना मॅडम मंगलाला हळूच म्हणाल्या, की पुढचा हप्ता अजून यायचा आहे, तिकडचं हिशोबाचं वर्ष आणि इकडचं वर्ष वेगवेगळ्या महिन्यांत संपतं, त्यात कागद अडकलाय. गवंडी आणि माती टाकलेल्या शहराबाहेरच्या खड्ड्यावरचं झाकण, दोन्ही त्या पैशांतून व्हायचं होतं. "पावसाळ्याच्या आत होईल," त्या म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास होता की नव्हता, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

---

वैशाख संपला, लग्नं उरकली, सराफ्यातली धूळ पातळ झाली. शेडपर्यंत जायला टेम्पोचं भाडं. गल्लीतले लोक एकेक करत जायचे बंद झाले. अरविंद चिडचिडा झाला. मणी दिसला नाही की माणसाला हसायला कारण उरत नाही. संध्याकाळी तो उदयसिंहाच्या ओट्यावर जाऊन बसे, आणि परतल्यावर मंगलाशी नजर चुकवे.

त्या दिवशी सकाळी तो उरलीसुरली धूळ घेऊन सराफ्यात विकायला गेला. मंगला मागच्या खोलीत सुरभीची गोधडी वाळत घालायला म्हणून उचलायला गेली, तर खाटेखाली जागाच नव्हती. गोण्या. भिंतीपर्यंत भरलेल्या, तोंडं सुतळीने शिवलेल्या. एकीची शिवण उसवून थोडीशी माती जमिनीवर सांडली होती. काळी, चकचकीत, मधेमधे पिवळ्या खपल्या. मंगलाने ती माती इतकी वर्षं चाळली होती की अंधारातही हाताला ओळखू आली असती. त्या गोण्यांवर, खाटेच्या पायाशी, दिनानाथांचा पाट नीट मांडलेला होता, आणि पाटावर पितळी पेला.

"आई," तिने हाक मारली, तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, "हे कधी आलं?"

"परवा," इंदुमतीबाई शांतपणे म्हणाल्या. "तू सुरभीला घेऊन दवाखान्यात गेली होतीस ना, तेव्हा. अरविंद घेऊन आला त्यांना. सगळेच आणत आहेत गं. उदयसिंहाने तर पहिल्याच आठवड्यात आणली. तो शहराबाहेरचा गड्ढा उघडाच आहे, कोणी विचारत नाही."

"पोर यावर झोपते आहे आई!"

"आबांच्या उशाशी झोपते आहे," सासू म्हणाल्या. "त्यांच्या हातचं सोनं आहे त्यात. अरविंद म्हणाला, पाऊस पडला की पाणी येईल, मग धुवून काढू. त्यांनी आपल्यासाठीच ठेवलंय."

मंगला दाराशी आली. बाहेर सुरभी मुरूमावर काडीने घरं आखत होती. मग ती भोंगा ऐकायची तशीच मान वर करून उभी राहिली, आणि मंगला उंबरा ओलांडून धावली. पण पोर नुसती घारीकडे बघत होती.

"शेजारी खेळायला जा," असलं काही सांगायला गल्लीत धड घरही उरलं नव्हतं; घरोघर खाटेखाली हेच. तिने पोरीला सासूच्या हाताशी दिलं आणि म्हणाली, "आई, हिला नदीपलीकडे कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, त्या दगडी समाध्यांपाशी घेऊन जा. तिथे सावली आहे. मी बोलावेपर्यंत येऊ नका. आणि आज हिला हिच्या नावाने हाक मारा. माझी शपथ आहे तुम्हाला."

शपथ घातल्यावर सासू गेल्या.

मग मंगला कामाला लागली. गोणी ओढायची, उंबऱ्यावरून उतरवायची, भट्टीच्या खड्ड्यात ओतायची. ओली करावी तर पाणी सिमेंटपुरतंच होतं. माती कोरडी, वरून लू. दर गोणीला धूळ वर उठायची आणि तिच्या तोंडावर यायची. पदर नाकाला बांधला तो घामाने चिकटून श्वास येईना, म्हणून सोडला. जिभेवर गोड चव आली. ती थुंकली, पुन्हा आली. मनगटं मधूनच ऐकेनाशी व्हायची. मग ती गोणी कोपरांनी ढकलायची. खोली झाडली, पुसली, पुसणं खड्ड्यात टाकलं. पाट उचलला. तो टाकायला हात मात्र धजला नाही, तो तिने भिंतीला टेकवला. सिमेंटच्या गोण्या फोडल्या, मुरूम घातला, घमेल्यात कालवलं, आणि खड्ड्यावर जाड थर थापून फळीने सारखा केला. असलं काम तिने कधी केलं नव्हतं. ते वाकडंतिकडं झालं, पण झालं. वर भिजवलेली पोती घातली, हातपाय तोंड धुतलं, साडी बदलली आणि मग सासूला आणि पोरीला बोलावून आणलं.

अरविंद उन्हं उतरल्यावर आला. आधी खोलीत गेला. तिथून अंगणात आला तो हातात पहार घेऊनच.

"काय केलंस तू?"

"बुजवलं."

"अगं, तुला काय माहीत किती दिवसांची मेहनत आहे ती! बापाची आहे माझ्या!"

"बाप पण त्यातच आहे ना," मंगला म्हणाली. "तुम्हीच ठेवला होता पोरीच्या उशाखाली."

"सिमेंट ओलं आहे अजून. सरक."

ती सरकली नाही. थकून इतकी गेली होती की तिथेच त्या पोत्यांच्या कडेला बसली. अरविंदने पहार उचलली. आणि तेवढ्यात भोंगा झाला.

नदीच्या बाजूने आला. आधी बारीक, मग भरत भरत गेला, पत्र्यात घुमला, दातांत घुमला. नवी नवरी असताना ती ऐकायची तोच. त्या वेळी तो झाला की ती सासऱ्यांसाठी चहाचं आधण ठेवायला उठायची. आताही ती सवयीने अर्धी उठली.

"मिल सुरू झाली का हो?" तिने विचारलं.

अरविंदची पहार तशीच वर राहिली. "काय?"

"भोंगा झाला ना आत्ता."

 मंगलाने सुरभीकडे पाहिलं. पोर मुरूमावर उकिडवी बसून काडीने आखलेल्या घराला दार काढत होती.

"सुरभी," मंगला म्हणाली, "तुला ऐकू आला?"

"काय?"

"भोंगा. मोठा."

पोरीने कान दिला. मनापासून दिला, आईने सांगितलं म्हणून. मग मान हलवली. "नाही आई. काही नाही वाजत."

मंगला हसली. ती हसतच राहिली, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. पोरीला ऐकू आला नव्हता. भोंगा अजून चालूच होता, पण पोरीला ऐकू येत नव्हता.

घरातून इंदुमतीबाई बाहेर आल्या. त्यांनी सुनेकडे बराच वेळ पाहिलं. मग डोक्यावरचा पदर पुढे ओढला, भिंतीला टेकवलेला पाट आणून मंगलापुढे मांडला आणि पितळी पेला त्याच्या शेजारी ठेवला.

"अहो," त्या मंगलाला म्हणाल्या, "दमून आलात. बसा."

अरविंदने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. मंगलाची मनगटं मांडीवर लोंबत होती. त्याने ती पाहिली. तशी मनगटं त्याने या घरात आधीही पाहिली होती.

त्याने पहार खाली ठेवली. ओल्या सिमेंटवर नाही, बाजूला, मुरूमावर. आणि बायकोच्या जवळ जाऊन, तिला उठवायला तिच्या काखेत हात घातले.